बलक, सरस आणि सोन्याचा वर्ख: थेस्सलोनिकीत आयकॉन रंगवताना

बायझंटाइन पद्धतीचा आयकॉन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतलं लाकडी फळीवरचं पूजाचित्र, रंगवायला शिकायचं ठरवलं तेव्हा वाचायला बरंच हाती लागलं. त्यात अध्यात्म भरपूर होतं. एक लिटर पाण्यात सरस, म्हणजे कातड्यापासून केलेला चिकटा, किती घालायचा, हे शोधावं लागत होतं. या वाटेने जाणाऱ्याला आधी ते दुसरं लागतं, म्हणून इथे क्रमाने लिहिते आहे. ठिकाण ग्रीसमधलं थेस्सलोनिकी, काळ ऑक्टोबर ते नोव्हेंबर २०२५, विषय आद्यदेवदूत मीखाएल, फळी ४० बाय ३० सेंटीमीटरची.

नोंदणी जूनमध्ये झाली. कार्यशाळेची फी ७८० युरो. त्यात फळी, खडू, सरस, रंगांच्या पुडी आणि अंडी धरलेली. सोनं आणि ब्रश ज्याचे त्याने आणायचे. २०० युरो आगाऊ भरल्यावर निमंत्रणाचं पत्र आलं. व्हिसासाठी हे पत्र फार उपयोगी पडतं, पण त्यावर तारखा, पत्ता, फी भरल्याची नोंद आणि सही-शिक्का हवा. नुसता ईमेल छापून नेला तर खिडकीवर प्रश्न सुरू होतात. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची विवरणपत्रं, आयकर रिटर्न आणि राहण्याची सोय हे सगळं जोडावं लागतं. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, पण उन्हाळ्यात ग्रीसला जाणाऱ्यांची रीघ असते आणि भेटीची वेळच लवकर मिळत नाही. जूनमध्ये वेळ मागितली ती जुलैच्या शेवटी मिळाली. त्यानंतर निर्णयाला पंधरा दिवस धरतात, अडलं तर ४५. सोबतच्या पत्रात हा हौशी, अल्पमुदतीचा वर्ग आहे, पदवी नाही आणि नोकरीही नाही, हे दोन ओळींत स्पष्ट लिहावं.

तारखा ठरवताना एक पाहावं. २६ ऑक्टोबर हा थेस्सलोनिकीच्या ग्रामसंताचा, संत दिमित्रिओसचा सण. २८ ला राष्ट्रीय सुट्टी. त्या तीन-चार दिवसांत दुकानं बंद, म्हणजे वर्ख संपला तर बसून राहायचं. त्याआधीच सामान घेऊन ठेवावं.

जाताना अथेन्सला थांबणं सोयीचं पडतं, कारण ज्या मीखाएलवर आमचा नमुना बेतलेला होता तो तिथल्या बायझंटाइन आणि ख्रिस्ती संग्रहालयात आहे. कॉन्स्टँटिनोपलमधलं चौदाव्या शतकातलं काम, मीटरभराहून उंच. देवदूताच्या हातात पारदर्शक गोल आहे आणि त्यावर खी, डेल्टा, काप्पा ही तीन ग्रीक अक्षरं: ख्रिस्त, न्यायी, न्यायाधीश. फोटोत चेहरा गुळगुळीत दिसतो. दोन फुटांवरून पाहिलं की डोळ्याखालची पांढरी रेघ सुटी दिसते, एका दमात ओढलेली, सुरुवातीला जाड आणि शेवटी केसाएवढी. शिकायला जाण्याआधी अर्धा तास फक्त गाल आणि नाक पाहत उभं राहावं. पुढचा महिना त्यावरच जातो.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्या हाताला इथे पहिली अडचण येते. स्थिरचित्रात आपण फिकट बाह्यरेषा काढतो, उजेड डावीकडून धरतो, उजवीकडे छटा गडद करत नेतो आणि वस्तूची सावली टेबलावर पाडतो. जलरंगात तर कागदाचा पांढरा जपायचा आणि फिकटाकडून गडदाकडे जायचं, हे हाडीमासी भिनलेलं असतं. आयकॉनमध्ये प्रवास उलटा. सगळ्यात गडद रंग आधी, तोही सपाट. त्यावर उजेडाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान आणि फिकट. उजेडाला दिशा नाही, सावली कुठेच पडत नाही. रेघ सुरुवातीला येते, रंगाखाली अर्धीमुर्धी बुडते आणि शेवटी पुन्हा काढावी लागते. आकार उभा राहतो तो या क्रमामुळे. क्रम चुकला तर नंतर कितीही कौशल्य ओता, चेहरा फुगीर किंवा मळकट दिसतो.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा फळीतच गेला. फळी लिंडेनच्या लाकडाची, अडीच सेंटीमीटर जाड, मागे दोन आडव्या पट्ट्या खाचेत सरकवलेल्या. या पट्ट्या चिकटवत नाहीत आणि खिळ्यांनी ठोकतही नाहीत. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं. पट्टी घट्ट बसवली तर फळी तिथूनच तडकते. चित्राच्या बाजूला मधला भाग काही मिलिमीटर खोल कोरलेला असतो आणि भोवती उंच कड राहते. हलक्या कामाला बर्च प्लायवूड चालतं, आणि पहिल्या आयकॉनसाठी मी तेच सुचवेन. स्वस्त पडतं आणि वाकत नाही.

फळीच्या पृष्ठभागावर टोकदार पात्याने तिरक्या रेघांची जाळी ओरखडतात, म्हणजे सरस धरतो. सरस सशाच्या कातड्याचा, कोरडे दाणे, एक लिटर पाण्याला ७० ग्रॅम. रात्रभर भिजत घालायचा, सकाळी फुगलेला सरस पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करायचा. उकळू द्यायचा नाही. बोट बुडवून ठेवता येईल एवढाच ऊन. उकळलेल्या सरसाची पकड जाते आणि ते तेव्हा कळत नाही, महिन्याने पोपडे निघाले की कळतं. पहिला हात पातळ सरसाचा. तो सुकला की जुनं, धुतलेलं, खळ गेलेलं तागाचं कापड सरसात बुडवून फळीवर पसरायचं आणि मधून कडांकडे बोटांनी हवा काढत न्यायचं. कापडाखाली एक बुडबुडा राहिला तरी तिथलं सगळं वरचं काम पोकळ वाजतं. एक दिवस वाळवायचं.

मग खडूचा लेप. गाळलेली खडूची पूड उबदार सरसात वरून भुरभुरवत सोडायची, ढवळायचं नाही. आपोआप खाली बसू द्यायची. प्रमाण मापाने साधारण एक भाग सरसाला दीड भाग खडू. दाटपणा इडलीच्या पिठापेक्षा पातळ, ताकापेक्षा दाट. पहिला थर हाताने चोळून, कापडाच्या विणीत जिरवून. पुढचे रुंद ब्रशने, एक आडवा, एक उभा. एकूण आठ ते दहा. आधीच्या थराची चमक गेली पण तो अजून थंड लागतो आहे, अशा वेळी पुढचा थर द्यायचा, म्हणजे सगळे थर एकमेकांत मिसळतात. हे एकाच दिवसात संपवावं लागतं. अर्धे आज, अर्धे उद्या असं केलं की मधे सांधा राहतो.

इथे काय काय बिघडतं ते सांगते, कारण वर्गात जवळजवळ प्रत्येक प्रकार कुणाच्या तरी फळीवर दिसला. टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली तर सरस फार गरम होता किंवा ढवळताना हवा शिरली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आल्या तर वरचा सरस खालच्यापेक्षा तेज होता, किंवा फळी पंख्याखाली वाळवली. बोट लावल्यावर पांढरी भुकटी हाताला येत असेल तर सरस कमी. भोकं बोटाने घासून बुजतात. भेगा बुजत नाहीत; सगळा लेप ओल्या फडक्याने उतरवून पुन्हा चढवावा लागतो. आत्ता दोन दिवस गेले तरी परवडतात.

वाळायला चार दिवस. या काळात दुसऱ्या खोलीत रेघेचा सराव चालू होता. नंतर पॉलिशपेपर, १८० नंबरपासून ४०० पर्यंत, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. मास्क लावा. ही भुकटी दिवसभर हवेत तरंगते आणि घसा आठवडाभर विसरत नाही. शेवटी ओलसर, नीट पिळलेलं सुती फडकं एकदाच फिरवलं की पृष्ठभाग हस्तिदंतासारखा होतो.

आता रेघ. वर्गात सरावाला काळी शाई, साधा कागद आणि टोकदार केसांचा दोन नंबरचा ब्रश देतात. पेन्सिल नाही. ब्रश उभा धरायचा, करंगळी टेकवायची, मनगट स्थिर ठेवून हात खांद्यातून हलवायचा. प्रत्येक रेघ टेकवताना हलकी, मधे दाबलेली, उचलताना पुन्हा हलकी. देवदूताचे केस यासाठी उत्तम सराव: एकेक बट फितीपाशी सुरू होते, कानावरून वळसा घेते आणि मानेशी संपते, बटेच्या आत दोन-तीन समांतर रेघा, त्यांची अंतरं वळणावर कमी होणारी. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या बटा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. कारण बहुतेक वेळा एकच: सगळ्या रेघा एकाच जाडीच्या.

चेहऱ्याची मापं नाकावरून घेतात. नाकाचं मूळ, दोन डोळ्यांच्या मधला बिंदू, हे केंद्र. नाकाच्या लांबीएवढ्या त्रिज्येचं पहिलं वर्तुळ, त्यात डोळे आणि गाल. दुप्पट त्रिज्येचं दुसरं, त्याने डोक्याचा आकार ठरतो. तिप्पट त्रिज्येचं तिसरं वर्तुळ म्हणजे प्रभामंडळ. आमच्या फळीवर नाक अडीच सेंटीमीटरचं, म्हणजे प्रभामंडळाचा व्यास पंधरा. तीस सेंटीमीटर रुंदीत तो अर्धा झाला, पंखांना जागा उरली दोन्हीकडे साडेसात-साडेसात, त्यातून कड वजा. हे गणित कागदावर आधीच करावं. नाक दोन मिलिमीटर वाढवलं की प्रभामंडळ बारा मिलिमीटरने वाढतं आणि पंख कडेवर चढतात. अठराव्या शतकात ग्रीसमधल्या आथोस या मठांच्या पर्वतावरच्या, फुर्ना गावच्या दिओनिसिओस नावाच्या भिक्षूने चित्रकारांसाठी लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत उभ्या माणसाची उंची नऊ डोकी धरली आहे. आपल्या डोळ्यांना सवय साडेसात-आठची. म्हणून पूर्णाकृती संत इतके लांबसडक वाटतात.

नमुना ट्रेसिंग पेपरवर घ्यायचा, मागे गेरू कोरडाच चोळायचा आणि बोथट सुईने फळीवर उतरवायचा. कार्बन पेपर वापरू नका, मेणामुळे पुढचा बलकाचा रंग सरकतो. उतरवल्यावर पातळ गेरूने ब्रशने पुन्हा रेखाटन, आणि जिथे सोनं आणि रंग एकमेकांना भेटतात तिथली सीमा, प्रभामंडळासह, सुईने हलकी कोरायची. ही खाच पुढे वाट दाखवते. तीन थरांनंतर गेरूची रेघ दिसणार नसते.

सोनं रंगाआधी, कारण वर्ख ओलसर किंवा चिकट अशा कशालाही धरतो आणि बलकाचे रंग किंचित चिकट असतात. लाल बोल माती, म्हणजे वर्खाखाली लावायची मऊ चिकणमाती, सरसात कालवून पाच पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. मग कोरड्या सुती कापडाने घासून चकाकी आणली. उरलेल्या भागावर टाल्कम पावडर चोळली, म्हणजे उडालेला वर्ख चिकटत नाही. वर्ख २३ कॅरेटचा, आठ बाय आठ सेंटीमीटरचा, पंचवीस पानांची वही, मला ५५ युरोला मिळाली. सोन्याचा भाग आमच्या फळीवर साधारण ४५० चौरस सेंटीमीटर. एका पानाचे ६४ धरले तर सात पानं, पण कडा एकमेकांवर चढवाव्या लागतात आणि दुसरा थर हवाच. एकंदर अठरा-वीस पानं जातात. वही एक पुरते, जेमतेम.

खिडक्या बंद, पंखा बंद, बोलणंही बंद. पाण्यात थोडं मद्यार्क मिसळून बोलच्या मातीवर ब्रशने सोडायचं आणि ते जिरायच्या आत खारीच्या केसांच्या रुंद ब्रशने वर्ख उचलून ठेवायचा. ब्रश आधी गालावर फिरवतात. त्वचेच्या तेलकटपणाने वर्ख उचलला जातो. वर्ख ठेवायचा एकदाच, सरकवायचा नाही. नंतर वाट बघणं. अकीकाच्या गोटीने घोटायची वेळ हवेवर ठरते: समुद्राकाठच्या दमट दिवशी चार तास, कोरड्या दिवशी दोन. गोटीने कोपऱ्यात हलकेच टकटक करून बघावं. आवाज बोदा आला तर थांबा, खणखणीत आला तर घोटा. लवकर घोटलं तर सोनं सोलून लाल माती वर येते, उशीर झाला तर कितीही घासा, मंदच राहतं. हे कान तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर शिक्षकांच्या कानावर विसंबावं, हेच शहाणपण. फाटलेल्या जागी श्वास सोडून ओल आणायची आणि वर्खाचा तुकडा ठेवायचा.

ऑक्टोबर अर्धा सरल्यावर रंग सुरू झाले. अंडं फोडून बलक वेगळा, मग तो या तळहातावरून त्या तळहातावर, मधे हात पुसत, बाहेरून कोरडा होईपर्यंत. चिमटीत पडदा धरून उचलायचा, खालून टोचायचा, आतला बलक वाटीत गळू द्यायचा, पडदा फेकायचा. पडदा आत गेला तर ब्रशला तार सुटते. बलकाएवढीच कोरडी पांढरी वाइन मिसळायची; वाइन नको असेल तर पाणी आणि व्हिनेगरचे काही थेंब. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. वास आला की टाकून द्यावं, कंजुषी करू नये.

रंगाची पूड काचेवर पाण्यात काचेच्या बत्त्याने घोटायची. पिवडी, गेरू, हिरवी माती, उंबर (गडद तपकिरी माती), काजळी हे मातकट रंग पटकन घोटले जातात. हिंगूळ जुन्या चित्रांत सर्वत्र आहे, पण त्यात पारा असतो. वर्गात त्याऐवजी कॅडमियम लाल वापरतात, आणि तोही घोटताना मास्क लावूनच. जुना सफेदा शिशाचा, आता टायटॅनियमचा. तो जास्त झाकतो, म्हणून प्रमाण निम्मं धरावं. घोटलेला रंग आणि बलकाचं मिश्रण साधारण समसमान. खात्री करायची असेल तर काचेवर पट्टा ओढून वाळू द्या आणि ब्लेडने खरवडा. सालासारखा निघाला तर बरोबर, भुकटी झाली तर बलक कमी, चकचकीत आणि चिकट राहिला तर जास्त.

चेहरा, मान आणि हात यांना प्रोप्लाज्मोस म्हणतात तो गडद शेवाळी थर. रशियन चित्रकार यालाच सान्किर म्हणतात. दिओनिसिओसच्या पुस्तिकेत पान्सेलिनोस या जुन्या चित्रकाराच्या नावावर एक कृती दिली आहे: पांढरा, पिवडी आणि हिरवा समप्रमाणात, काळा त्यांच्या पाव. पान्सेलिनोसची म्हणून ओळखली जाणारी प्रोतातोन या चर्चमधली भित्तिचित्रं आथोसवर आहेत आणि आथोसवर बायकांना प्रवेश नाही, तेव्हा मला ती फोटोतच पाहायची आहेत. पुरुषांनाही परवाना काढावा लागतो, आणि ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचे, नसलेल्यांसाठी रोजच्या जागा मोजक्या असतात. जाणाऱ्यांनी महिने आधी अर्ज करावा.

प्रोप्लाज्मोस फळी आडवी ठेवून, भरपूर ओला, दोन-तीन पातळ थरांत. लगेच बघवत नाही असा रंग असतो तो. देवदूत आजारी दिसतो आणि वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, एवढा हिरवा? हो, एवढाच. पुढच्या उबदार रंगांना त्याच्यामुळेच धार येते. त्यावर डोळे, भुवया, नाक, ओठ यांच्या रेघा गडद तपकिरीने पुन्हा काढायच्या, खालचं कोरीवकाम अंधुक दिसत असतं.

मग सार्कोमा, म्हणजे देहाचा रंग: पिवडी, पांढरा आणि चिमूटभर लाल. हा थर प्रोप्लाज्मोस पूर्ण झाकत नाही. कपाळ, गालाचा उंचवटा, नाकाचा दांडा, हनुवटी, मानेचा स्नायू एवढ्यावरच. कडेला, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूला हिरवा तसाच राहतो. तोच सावलीचं काम करतो, वेगळी सावली लावायची गरज नाही. पुढचा थर थोडा फिकट आणि काही मिलिमीटर आत, त्यापुढचा आणखी आत. ग्रीक पद्धतीत हे थर बारीक, आकाराच्या वळणाने जाणाऱ्या रेघांनी एकमेकांत मिसळतात. रशियन पद्धतीत ओला रंग डबक्यासारखा सोडून वाहू देतात. मला रेघांची पद्धत शिकायला बरी वाटली, चूक कुठे झाली ते दिसतं. ओल्या पद्धतीत सगळं गोड दिसतं आणि वाळल्यावर डाग उरतात.

चेहरा मळकट होण्याची कारणं ठरलेली आहेत. थर वाळायच्या आत पुढचा दिला, की खालचा उचलला जातो. ब्रशला पाणी जास्त, तरी तेच. ब्रश कागदावर टेकवून अर्धा कोरडा करूनच फळीला लावा. पांढरा फार लवकर वापरला तर चेहरा खडूसारखा होतो आणि शेवटच्या उजेडाला जागाच उरत नाही. रंग थेंबाथेंबाने गोळा व्हायला लागला, पसरेना, तर खालचा थर तेलकट झाला आहे. लसणाची कापलेली पाकळी हलकेच फिरवली की धरतो. गालावरची लाली अगदी पातळ, दुसऱ्या-तिसऱ्या थराच्या मधे.

शेवटी प्सिमिथिया, पांढऱ्या बारीक रेघा. डोळ्याखाली तीन-चार, नाकाच्या शेंड्याला एक, भुवईवर दोन, गळ्याशी काही. एक नंबरचा ब्रश, रंग पातळ पण पांढरा पूर्ण. अथेन्समध्ये पाहिलेली ती सुटी रेघ इथे लागते. या रेघा पुसता येत नाहीत; दुरुस्त करायला गेलं की खालचा गाल जातो. म्हणून आधी काचेवर दहा काढून, अकरावी फळीवर. चेहरा इथे एकदम पुढे येतो. त्या दिवशी वर्गात बराच वेळ कुणी बोलत नव्हतं.

वस्त्रांची रीत वेगळी. तिथे वळण नको, पैलू हवेत. आमच्या नमुन्यात रंग सोपे केले होते: आतलं वस्त्र निळसर-करडं, वरचं तांबूस-तपकिरी. मूळ रंग सपाट, त्यावर गडद रेघांनी चुण्या, मग उजेडाचे तीन थर. प्रत्येक थर सरळ कडांचा, त्रिकोणी किंवा पाचरीसारखा. चौदाव्या शतकातल्या चित्रांत हे पैलू चांगलेच टोकदार असतात. खरी मजा उजेडाच्या रंगात आहे. तांबूस वस्त्रावर उजेड निळसर चढवला, तर गुडघा किंवा खांदा फळीतून बाहेर येतो. त्याच वस्त्रावर फक्त पांढरा मिसळत गेलं तर ते गुलाबी आणि मेणचट होतं. उबदारावर थंड, थंडावर उबदार, एवढं धरून चाललं तरी निम्मं काम होतं. छटा मऊ करायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो आवरावा. पैलूची कड पुसली की कापड भिजल्यासारखं लोंबतं.

पंखांवरच्या सोनेरी रेघा सगळ्यात शेवटी. लसणाचा रस पिळून, गाळून, उन्हात दाट करून ठेवलेला असतो. तो थोड्या पाण्यात सैल करून त्याने रेघा काढायच्या, वाळू द्यायच्या, तोंडाची वाफ द्यायची आणि वर्ख टेकवायचा. नको असलेलं सोनं ताज्या पावाच्या मऊ गोळीने उचललं जातं. वास दोन दिवस राहतो. टाल्कमचा हात आधी फिरवला नाही तर वर्ख साऱ्या पंखाला चिकटतो.

कडेची लाल रेघ, प्रभामंडळाची लाल रेघ आणि नाव. नाव नसेल तर आयकॉन अपुरा मानतात. चेहरा कुणाचा, हे अक्षरं सांगतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला जाणाऱ्यांनी हे पाहिलेलं आहे, लक्ष गेलं नसेल एवढंच. तिथली निरंतर साहाय्याची माता ही रोममधल्या क्रीट बेटाच्या शैलीतल्या आयकॉनची प्रतिकृती. मरियेच्या दोन बाजूंना ग्रीक अक्षरांची जोडी, आणि वर डावीकडे भाला घेतलेल्या देवदूताजवळ तशीच छोटी अक्षरं आहेत: तो मीखाएल. पुढच्या वेळी मरियेच्या निळ्या वस्त्रावरच्या सोनेरी रेघाही बघा. चुण्या कुठे वळतात ते त्या रेघाच सांगतात.

अक्षरं सोन्यावर लिहिताना रंग सरकतो, तिथेही लसूण. आधी ट्रेसिंग पेपरवर लिहून अंतरं मोजून घ्या, कारण सोन्यावरची चूक पुसताना सोनंही जातं.

८ नोव्हेंबर हा ऑर्थोडॉक्स पंचांगात देवदूतांचा सण, वर्गात बऱ्याच जणांना तोवर काम पुरं करायचं होतं. रंग पुरे झाले, पण वॉर्निशची घाई करू नका. बलकाचा थर वरून तासाभरात वाळतो, आतून कडक व्हायला महिने लागतात. पारंपरिक ओलिफा, म्हणजे लवकर वाळावं म्हणून शुष्कक घालून शिजवलेलं जवसाचं तेल, काही आठवडे थांबूनच द्यावं. म्हणून फळी वॉर्निशविना आणली: बटर पेपर, त्यावर पुठ्ठ्याची चौकट, मग कपडे, हातातल्या सामानात. बबल रॅप थेट चित्राला लावू नये, फुग्यांचे ठसे उमटतात. रंगांच्या पुडी बंद डब्यांत, नावं लिहून, मोठ्या सामानात.

ग्रीसमध्ये जुन्या वस्तू बाहेर नेण्याविषयी २००२ चा ३०२८ क्रमांकाचा कायदा आहे आणि तो कडक आहे. सोन्याची पार्श्वभूमी असलेली फळी क्ष-किरण यंत्रात गेली की अधिकारी विचारतात. कार्यशाळेचं पत्र घ्या: ही नवी प्रतिकृती आहे, अमुक महिन्यात, अमुक व्यक्तीने रंगवली. सोबत फीची पावती आणि फोनमध्ये कोऱ्या फळीपासूनचे टप्प्यांचे फोटो. फोटोंनी सगळ्यात लवकर काम झालं. मुंबईतही तेच कागद पुरले.

खर्चाचा अंदाज, विमानभाडं आणि राहणं सोडून: फी ७८०, वर्ख ५५, ब्रश आणि अकीक मिळून साधारण ९०, व्हिसा ९० आणि सेवाशुल्क, विमा वेगळा. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या थोडा वर होता, म्हणजे लाखाच्या वर गेलं. पहिल्यांदा शिकणाऱ्याने अकीक विकत घेऊ नये, कार्यशाळेत मिळतो. ब्रशवर मात्र पैसे वाचवू नयेत.

ओलिफा पुण्यात फेब्रुवारीत दिला, हवा कोरडी आणि दुपार उबदार असताना. फळी सपाट, तेल कोमट, मधे ओतून तळव्याने पसरायचं. पहिले दोन-तीन तास बसून राहावं लागतं. मातकट रंग तेल पितात, तिथे मंद डाग दिसतात, आजूबाजूचं तेल हाताने तिकडे ढकलायचं. तेल हाताला ओढ द्यायला लागलं की जादा सगळं तळव्याने काढून टाकायचं आणि पातळ पापुद्रा ठेवायचा. जाड ठेवलं तर सुरकुत्या पडतात आणि आठवडाभर धूळ चिकटते. वरून झाकण हवं, चित्राला न टेकणारं.

हेच तेल शंभरेक वर्षांत काळं पडतं. जुन्या रशियन चित्रकार रुब्लेव्हचा 'त्रैक्य' हा आयकॉन १९०४ मध्ये गुर्यानोव्ह या जीर्णोद्धारकाने साफ करायला घेतला तेव्हा काजळलेल्या ओलिफाच्या थरांखाली इतके स्वच्छ रंग असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. तोवर मध्ययुगीन आयकॉन तपकिरीच असतात, असाच समज होता. काळं पडण्याची चिंता आपल्याला करायची नाही, पण पावसाळ्याची करायची आहे. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, मागे बुरशी धरते. फळीच्या मागे बोटभर जागा सोडा, जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पट्ट्या खाचेत सहज सरकतात का ते पाहा, आणि धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झटका. ओलं फडकं लावू नका.